बटाटे परत ठेवणारी बाई

आटपाडी तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेला. विषय होता विकासाचे अर्थशास्त्र. गावात हे कुणाला उलगडेना. शेवटी त्याच्या आज्जीने शेजारणीला सोपे करून सांगितले, "गरिबी कशानं येती, ते शिकाय गेलाय." शेजारीण म्हणाली, "अगं बया, त्यासाठी एवढ्या लांब?"

मुलगा मन लावून शिकणारा होता. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, तो त्याला पुण्यात असतानाच पाठ झाला होता. माणशी रोज २२५० उष्मांक पोटात जातील एवढा खर्च ज्याला झेपत नाही, तो गरीब. लंडनला आल्यावर त्याने चार्ल्स बूथचे नकाशे पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बूथच्या माणसांनी लंडनची गल्ली अन् गल्ली हिंडून नकाशावर रंग भरले होते. श्रीमंतांची वस्ती पिवळी, अगदी तळाची काळी. मग त्याने सीबोम राउंट्री वाचला. राउंट्रीने यॉर्क शहरातली घरे पाहून १९०१ साली लिहिले होते की, नवरा-बायको आणि तीन मुले एवढ्यांना आठवड्याला किमान २१ शिलिंग ८ पेन्स लागतात. मुलाने तो आकडा वहीत उतरवून खाली लाल रेघ मारली. आकडा कशाकशाचा मिळून झालाय, ते पान मात्र भराभर उलटले.

एका रविवारी तो प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घरही पाहून आला. डॉ. आंबेडकर लंडनला शिकत असताना तिथे राहिले होते. अर्धपोटी राहून, रात्र रात्र वाचून त्यांनी तिथे कसे दिवस काढले, हे त्याने शाळेत असल्यापासून ऐकलेले होते. घर आता महाराष्ट्र सरकारच्या मालकीचे, नीटनेटके. तिथून निघताना त्याच्या मनात आले, गरिबी पाहावी ती आपण पाहिली आहे, आता या श्रीमंत देशातल्या लोकांची गरिबी ती काय असणार!

प्रबंधाचा विषयही त्याने तोच घेतला. त्याच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "पुस्तके पुरे झाली. आता आठवड्यातून एक दिवस कुठेतरी उभा राहा." म्हणून २०२२च्या सप्टेंबरात तो पूर्व लंडनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये चालणाऱ्या फूड बँकेत जाऊ लागला.

हा प्रकार आपल्याकडच्या अन्नछत्रासारखा नाही. तिथे पंगत बसत नाही. डॉक्टर, शाळा, सल्ला केंद्र अशा कुणाची तरी चिठ्ठी आणायची, मग तीन दिवस पुरेल एवढा कोरडा शिधा पिशव्यांत भरून मिळतो. डबाबंद वाटाणे-बीन्स, मासे, पास्ता, तांदूळ, चहा, बिस्किटे, न उकळता टिकणारे दूध. मदत करणारे लोक आलेल्या डब्यांवर मुदतीचे साल जाड मार्करने लिहून ठेवतात, म्हणजे आधीचे आधी जावे. ट्रसेल ट्रस्ट या संस्थेने अशी पहिली फूड बँक सॉल्सबरी गावात २००० साली काढली. मी सांगतोय त्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या काळात, एकट्या त्या संस्थेच्या जाळ्यातून जवळजवळ ३० लाख वेळा असा शिधा दिला गेला. ज्या देशाने आमच्याकडे दुष्काळात काय करावे याची नियमावली लिहिली, त्या देशात.

तिथला कारभार एक निवृत्त परिचारिका पाहायची. जमैकातून लहानपणी आलेली, सरकारी रुग्णालयात उमर घालवलेली, कमी बोलणारी. तिने मुलाला एक टेबल दिले आणि एक छापील कागद दिला. समोर येईल त्याला विचारून कागद भरायचा: घरात माणसे किती, लहान मूल आहे का, काही खाल्लेले बाधते का, घरी स्वयंपाकाची सोय काय. मग आत जाऊन पिशव्या भरायच्या.

पहिल्याच दिवशी मुलाला धक्का बसला, पण उलट्या बाजूने. रांगेतल्या माणसांच्या पायांत बूट होते. अंगात कोट. बहुतेकांच्या हातात मोबाइल. एकाबरोबर तर कुत्रा होता, आणि तो कुत्रा गुटगुटीत होता. मुलाने गावाकडे उसाच्या फडावर अनवाणी फिरणारी पोरे पाहिली होती, ऊसतोडीला गेलेल्या घरांच्या बंद दारांना बाभळीचे काटे लावलेले पाहिले होते. त्याला वाटले, हे कसले गरीब. तरी तो मनाचा वाईट नव्हता. उलट हात सैल सोडून द्यायचा. कागदावरचा स्वयंपाकाच्या सोयीचा प्रश्न त्याला विचारण्यासारखाच वाटला नाही. लंडनच्या घरात शेगडी नाही, असे कधी असते का? तो आपणच त्या चौकटीत बरोबरची खूण करायचा आणि पुढे जायचा.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात एक बाई आली. चाळिशीची, केस नीट बांधलेले, कोट जुना पण स्वच्छ. चिठ्ठीवर लिहिले होते: एक मोठे माणूस, एक मूल. त्या दिवशी कुणीतरी आपल्या मळ्यातले बटाटे पोत्याने आणून दिले होते. मुलाने तिच्या पिशवीत चांगले तीन किलो बटाटे घातले, वर तांदळाचे दोन पुडे जादा, आणि कोरडा राजमा. आज्जी सुपाने धान्य घालायची, तसे घातले म्हणा ना. बाई "थँक यू" म्हणाली. दाराजवळ गेली, पिशवी खाली ठेवली आणि एकेक करून बटाटे, तांदूळ, राजमा काढून बाजूच्या टेबलावर ठेवले. बिस्किटे, पाव, माशांचे डबे, दूध एवढे घेऊन निघून गेली.

मुलाला राग आला. धर्माची गाय आणि म्हणे दात का नाहीत! त्याने रात्री वहीत लिहिले: 'लाभार्थी पदार्थांची निवड करतात. यावरून गरज तीव्र नसावी.' वाक्य त्याला आवडले. प्रबंधात कुठे बसेल, तेही त्याने ठरवून टाकले.

खरे सांगायचे तर हे वाक्य त्याच्या एकट्याचे नव्हते. २०२२च्याच मार्चमध्ये आइसलंड नावाच्या मोठ्या दुकानसाखळीचे प्रमुख रिचर्ड वॉकर यांनी बीबीसीवर सांगितले होते की, फूड बँकेत येणारी काही माणसे बटाटे आणि कंदभाज्या नको म्हणतात, असे आपल्या कानावर येते आहे. कारणही त्यांनी तिथल्या तिथे सांगितले होते. कारण आठवणीत ठेवायला मात्र थोडे कष्ट पडतात; 'नको म्हणतात' एवढे सहज ध्यानात राहते.

बाई पुन्हा आली तेव्हाही तसेच झाले. या वेळी मुलाने बटाटे घातले नव्हते, पण पास्ता होता. तो टेबलावर राहिला. मुलाने परिचारिकेकडे पाहून खांदे उडवले. तिने टेबलावरच्या पास्त्याकडे पाहिले, मग मुलाच्या कागदांचा गठ्ठा उचलून चाळला. काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात ती त्याला म्हणाली, "त्या बाईची पाठ धरली आहे. तिला येता येत नाही. तुझ्या वाटेवरच राहते. पिशवी देऊन ये. घरात बोलावले तर पाच मिनिटे बस, जास्त नको."

इमारत कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची; लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर चढताना जिन्यात एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा पायरीवर वही घेऊन बसलेला दिसला. आई घरी नसावी म्हणून बाहेर बसलाय, असे त्याला वाटले. त्याने घंटी दाबली, वाजली नाही. दार ठोठावल्यावर बाईने उघडले. आत संध्याकाळचा अंधार. तिने त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले आणि सगळ्यात आधी माफी मागितली: चहा विचारू शकत नाही म्हणून. इंग्रज घरात आलेल्याला चहा न विचारणे म्हणजे आपल्याकडे पाणी न विचारण्यासारखे. तिने बिस्किटांचा पुडा पुढे केला. पुड्यावर मार्करने साल लिहिलेले होते, मुलाच्याच अक्षरात.

स्वयंपाकघर खिडकीतून येणाऱ्या उजेडात दिसत होते. विजेची शेगडी होती, चार वेटोळ्यांची. भट्टी होती. फ्रिजही होता, पण त्याचे दार घडी घातलेला टॉवेल लावून उघडे ठेवले होते, बंद फ्रिजला वास मारू नये म्हणून. मुलगा तिथे पाहत राहिला. दाराशेजारी भिंतीवर मीटर होते, आणि त्याच्या काचेत अंकांआधी उण्याचे चिन्ह.

बाईने न विचारता सांगितले नाही. त्याने विचारले, तेव्हा सांगितले. मीटर असे की पैसे आधी भरायचे. कोपऱ्यावरच्या दुकानात चावी नेऊन भरून आणायची, ती मीटरमध्ये घातली की वीज. मागची थकबाकी होती, ती दर वेळी भरलेल्या पैशांतून थोडी थोडी कापली जाते. आणि स्थिर आकार. आपल्या बिलावर असतो तोच. दिवा लावा न लावा, रोज चढतो. ती आजारी पडली, चार दिवस काहीच लावले नाही, तरी मीटर खाली गेलेच होते. दरही त्या एप्रिलमध्ये नियामक संस्थेने घातलेल्या मर्यादेसह एकदम ५४ टक्क्यांनी वर गेले होते. बाई म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालण्याचे, जेवू घालण्याचे काम करायची. तासावर पगार, या घरातून त्या घरात जायच्या वेळेचा नाही. पाठ धरली तसे तास बंद झाले. सरकारी मदतीचा अर्ज केला होता, तिचा पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात. तो नियमच आहे.

"बटाटा शिजायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात," ती म्हणाली. "राजमा तर विचारूच नका. दोन पौंडांची वीज आणते, तेव्हा मुलाला आंघोळीचे पाणी करते आणि त्याचा गृहपाठ होईपर्यंत दिवा ठेवते. आज नाही आणली."

मुलाला जिन्यातला पोरगा आठवला. जिन्यातला दिवा कौन्सिलचा.

"पण तुम्ही हे तिथे सांगितले का नाही?"

"तुम्ही विचारले नाहीत," बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. थोडे थांबून म्हणाली, "आपण होऊन कसे सांगणार? घरात लहान मूल आहे. घरी वीज नाही, गरम जेवण नाही, हे कुणाच्या कागदावर गेले तर काय होईल, याची भीती वाटते."

त्या रात्री मुलाने गावी फोन लावला. दिवाळीचे दिवस होते. आज्जी खुशीत होती. सरकारने त्या वर्षी शंभर रुपयांत शिधा दिला होता: रवा, हरभऱ्याची डाळ, साखर, पामतेल. ती लाडू दाखवायला लागली. मुलाने सहज बाईची गोष्ट काढली. "आज्जी, इथं एक बाई बटाटं-तांदूळ दिलं तर परत ठेवती..." तो मीटरपर्यंत पोचलाच नव्हता, तोवर आज्जी म्हणाली, "जळण नसंल तिच्याकडं."

मुलगा गप्प झाला. दोन देशांतली विद्यापीठे, बूथचे नकाशे आणि दांडेकर-रथ यांना घेऊन जिथे पोचायला त्याला चार मजले चढावे लागले, तिथे आज्जी लाडवाचे ताट हातात धरून बसल्या जागी पोचली होती.

"तुला गं कसं कळलं?"

"आरं, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही काय केलं? खडी फोडाय जायचो. लाल मिलो मिळायची, अमेरिकेची. पण भाकरी भाजायची कशावर? शेतात काय पिकलंच न्हाई, तर तुरकाट्या कुठल्या, कडबा कुठला? जनावरं विकली, मग शेणी कशाच्या थापायच्या? बाभळीबी लोकांनी तोडून नेलेल्या. दाणं घरात आणि पोरं उपाशी, असंबी दिस काढल्यात. त्यापरीस कामावर सुकडी वाटायचं, ती बरी. मूठभर घेतली की तोंडात टाकायची. चूल लागत न्हवती तिला." मग म्हणाली, "हे लाडूबी गॅस हाय म्हणून झालं. सिलिंडर हजाराच्या वर गेलाय. शेजारच्या म्हातारीनं शिधा तसाच ठेवलाय. तिचा रवा मीच भाजून दिला. लेकरा, कुणाला दाणं द्यायच्या आधी त्याची चूल विचारावी."

आपल्याकडे हे कळत नाही असे नाही, पण द्यायच्या घाईत विसरते. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून इतके जुने कपडे गेले की त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळ्यांच्या बायकांना काय लागते, हे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले होते?

मुलाने फोन ठेवला आणि राउंट्रीचे पुस्तक काढले. भराभर उलटलेले ते पान शोधले. २१ शिलिंग ८ पेन्सची फोड तिथे दिलेली होती: अन्नाला १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, आणि कपडे, दिवाबत्ती, जळण वगैरेला ४ शिलिंग ११ पेन्स. जळण. सव्वाशे वर्षांपूर्वी यॉर्कमधल्या चॉकलेटच्या कारखानदाराच्या मुलाने ते मोजले होते. त्याने वहीतले 'निवड करतात'चे वाक्य खोडले. प्रबंधातली त्याची जागा रिकामी राहिली, ती बरेच दिवस तशीच राहिली.

पुढच्या खेपेला त्याने परिचारिकेला सगळे सांगितले. तिने त्याला आतल्या खोलीत नेले. तिथे फडताळात तीन प्रकारच्या पिशव्यांची यादी लावलेली होती. शेगडी असलेल्यांसाठी नेहमीची. ज्यांच्याकडे फक्त किटली चालते, त्यांच्यासाठी नुसते गरम पाणी ओतून होणारे सूप, नूडल्स, झटपट ओट्स. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांच्यासाठी थंड खाता येईल असे. ही यादी त्याच्या येण्याआधीपासून तिथेच होती. त्याने भरलेल्या सगळ्या कागदांवर मात्र स्वयंपाकाच्या चौकटीत एकसारखी बरोबरची खूण होती, न विचारता केलेली. परिचारिका एवढेच म्हणाली, "मी तुला सांगितले असते, तर तू या यादीतले वाचून दाखवले असतेस."

त्या बाईला तिसऱ्या प्रकारची पिशवी जाऊ लागली. सल्ला केंद्राकडून मीटरसाठी थोडी मदतही मिळाली. ती मुलाने मिळवून दिली नाही, परिचारिकेने फोन केला. मुलगा टेबलावर बसून विचारू लागला. आधी त्याची जीभ अडखळायची. कुणाला तोंडावर 'घरी चूल पेटते का' विचारणे म्हणजे त्याच्या घराचे झाकण उघडून पाहिल्यासारखे त्याला वाटे. मग त्याने रीत बदलली: "कशावर करता स्वयंपाक?" असे, सहज. लोक सांगू लागले. कुणाचे एकच वेटोळे चालायचे. कुणी भाड्याच्या खोलीत मायक्रोवेव्हवर होता. एक जण रात्रपाळी करून यायचा आणि घरातल्या बाकीच्यांची झोपमोड नको म्हणून काहीच शिजवायचा नाही. मुलाने त्यासाठी कागदावर चौकट शोधली, सापडली नाही. बाजूला पेनाने लिहिले.

डिसेंबरात एक म्हातारा आला. जुन्या बंदर-कामगारांपैकी, ताठ. मुलाने प्रश्न विचारला. म्हातारा म्हणाला, "शेगडी आहे. गॅस आहे. सगळे आहे." मुलाने समाधानाने नेहमीची पिशवी भरायला घेतली. म्हातारा तिथेच उभा राहिला. मुलाला आता उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहायची सवय लागली होती. त्याने विचारले, "आणखी काही?"

म्हाताऱ्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. "डबे उघडायचे हत्यार मला धरता येत नाही. मागच्या वेळचे सहा डबे घरी तसेच आहेत."

मुलगा आत गेला. फडताळातले डबे एकेक उचलून पाहत, वरून कडी ओढली की उघडतात तेवढे त्याने वेगळे काढले. वेळ लागला, मागे रांग वाढली. पिशवी आणून त्याने म्हाताऱ्यासमोर ठेवली.

म्हाताऱ्याने आत डोकावले. "टोमॅटोचे सूप आहे," तो म्हणाला. "मला टोमॅटोचे सूप कधीच आवडले नाही."

"मग कोणते आवडते?" मुलगा म्हणाला, आणि पुन्हा आत गेला.